घर साफ, पाणीही साफ : कमी रसायनांत घराची निगा कशी राखावी

ज्या घरात पाच वक्ताची नमाज होते, त्या घरात कपडे, जागा आणि पाणी यांच्या पाकीकडे लहानपणापासून लक्ष दिले जाते. आपल्या घरांत ही सवय जुनी आहे आणि चांगली आहे. बदलले आहे ते साफसफाईचे सामान. आज मोरीच्या फळीवर बघा. फरशीची बाटली वेगळी, संडासची वेगळी, काचेची वेगळी, ओट्याची वेगळी, वर सुगंधी फवारा, आणि कोपऱ्यात जुन्या सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले ॲसिड.

हे सगळे जाते कुठे? शहरात गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. गावात शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत, आणि जमिनीतून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात. म्हणजे फिरून आपल्याच हंड्यात. काही भाग तर बाहेर जातही नाही. दार-खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात तो साफ करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हे मूल असेल तर हा प्रश्न आणखी मोठा.

या लेखात आम्ही रोजच्या सफाईसाठी किराणा दुकानात मिळणाऱ्या मोजक्या वस्तूंची माहिती दिली आहे. कोणती वस्तू कुठे चालते, कुठे अजिबात चालत नाही आणि घरगुती उपाय कुठे अपुरा पडतो, हे तिन्ही सांगितले आहे. तिसरे सांगणे जास्त गरजेचे आहे, कारण “नैसर्गिक आहे म्हणजे सगळीकडे चालेल” हा समज बरोबर नाही.

साफ आणि पाक

सुरुवातीलाच एक गोष्ट. फिनेलचा वास आला म्हणजे जागा पाक झाली असे होत नाही. नजासत प्रत्यक्ष निघून गेली पाहिजे, हा मूळ मुद्दा. वासाने ती झाकता येते, काढता येत नाही. लहान मुलाने गादीवर किंवा सतरंजीवर लघवी केली तर आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्यावे, मग स्वच्छ पाणी घालून धुवावे, पिळावे, असे पुन्हा पुन्हा करावे. सुगंधी फवाऱ्याची जागा त्यानंतर, आणि खरे तर तो लागतच नाही.

मळ कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

शाळेत विज्ञानाच्या तासाला आम्ही आम्ल आणि आम्लारी शिकवतो. घराच्या सफाईचे निम्मे गणित तिथेच आहे.

तेलकट, चिकट मळ म्हणजे ओट्यावरचे तेल, बिर्याणीच्या पातेल्याची चरबी, चिमणीचा चिकटा. याला साबण, सोडा, राख अशा आम्लारी वस्तू लागतात आणि गरम पाणी लागते.

पांढरा खार म्हणजे नळावर, बादलीवर, शॉवरवर बसणारी पुटे. सोलापूर, लातूर, बीड, औरंगाबादकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांना हा त्रास चांगला माहीत आहे. हा चुन्याचा थर असतो. तो साबणाने निघत नाही, लिंबू किंवा सिरका अशा आम्लानेच विरघळतो.

रंगाचे डाग म्हणजे हळद, चहा, फळांचा रस. यांचे इलाज वेगवेगळे आहेत, ते पुढे येतील.

मळ ओळखला की एका कामासाठी चार बाटल्या ओतायची वेळ येत नाही.

घरात असाव्यात अशा सात वस्तू

1. साधा साबण, वडी किंवा द्रव. रोजच्या बहुतेक कामाला पुरेसा.

2. खाण्याचा सोडा. सौम्य. चहाचे कप, फ्रीज, सिंक, वास येणारे डबे यांसाठी.

3. धुण्याचा सोडा. खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र. तेलकट पातेली, पोछे, नाली यांसाठी. हातमोजे घालून वापरावा आणि खाण्याच्या सोड्याजवळ कधीच ठेवू नये. दोन्ही पांढरे दिसतात. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

4. पांढरा सिरका किंवा लिंबूफूल (लिंबू सत). एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूफूल टाकले की खार काढायचे पाणी तयार.

5. रिठे. बिया काढून रात्री कोमट पाण्यात भिजत घालावेत, सकाळी कुस्करून गाळून घ्यावेत. फेस येतो तो रिठ्यातल्या सॅपोनिन नावाच्या घटकामुळे. रेशमी, लोकरी आणि जरीच्या कपड्यांना उत्तम. पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. डोळ्यांत गेले तर फार झोंबते.

6. मीठ. तांब्या-पितळेची भांडी घासायला लिंबाबरोबर किंवा चिंचेबरोबर.

7. काथ्या, किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. प्लॅस्टिकच्या घासणीचे बारीक तुकडे झिजून पाण्यात जातात. काथ्या कुजून माती होतो.

आणि आठवी वस्तू फुकटची : ऊन.

सोडा आणि सिरका एकत्र करू नका

मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंत सोड्यावर सिरका ओततात, खूप फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटते की काम झाले. हा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. एक आम्लारी, दुसरे आम्ल. दोघे एकमेकांना मारतात आणि शेवटी जवळजवळ मिठाचे पाणी उरते. धोका काही नाही, पण दोन्ही वस्तू वाया जातात. तेलाला सोडा, खाराला सिरका, असे वेगवेगळे वापरा.

कुठे काय वापरू नये

शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, कोटा, संगमरवर, मोझॅक टाइल : यांवर लिंबू, सिरका किंवा ॲसिड लावू नये. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. ज्या आम्लाने नळावरचा चुना विरघळतो त्याच आम्लाने दगडही विरघळतो. चकाकी जाते, दगड खडबडीत होतो आणि मग त्यात मळ जास्तच धरतो. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत फरशी “कितीही धुतली तरी काळी दिसते”, त्यामागे बरेचदा ॲसिडने केलेली सफाई असते. या दगडांना साबणाचे कोमट पाणी आणि काथ्या पुरेसा आहे.

अॅल्युमिनियमची पातेली : धुण्याचा सोडा वापरू नये. भांडे काळे पडते आणि धातू झिजतो. साबण आणि काथ्या वापरावा.

कल्हई केलेली देग आणि पातेली : आतून तारेची घासणी किंवा लिंबू-मीठ लावू नये. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो गेला की आंबट सालन थेट तांब्याला लागते आणि तांबे अन्नात उतरते. आत गरम पाणी घालून भिजू द्यावे आणि मऊ फडक्याने पुसावे. लिंबू-मीठ फक्त बाहेरून. आतून लालसर तांबे दिसू लागले की कल्हई करून घ्यायची वेळ झाली.

रेशीम आणि लोकर : सोडा नको, कडक ऊनही नको. रिठ्याचे पाणी आणि सावली.

हे कधीही एकत्र करू नये

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा, कामाला येणाऱ्या बाईंनाही.

ब्लीच (किंवा ब्लीचिंग पावडर) आणि संडासचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. हवेपेक्षा जड असल्याने लहान न्हाणीघरात खाली साठून राहतो. ब्लीच आणि सिरका किंवा लिंबूफूल, तरीही तेच. ब्लीच आणि अमोनिया असलेले काचेचे क्लीनर यांपासूनही विषारी वायू निघतो. “एकाने निघाले नाही म्हणून दुसरे ओतले” अशा घाईतच हे घडते. आधीची वस्तू भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरी हातात घेऊ नये.

वास तीव्र आला, खोकला सुटला तर सगळे सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. कातडीवर किंवा डोळ्यांत ॲसिड गेले तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावे. मुलाने काही प्यायले असेल तर उलटी करवू नये. तीच बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी 108.

सुटे ॲसिड घरात आणूच नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे आणि 18 वर्षांखालच्या कुणालाही ते देऊ नये, असे त्यात आहे. तरी ते सहज मिळते, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून घरी येते. तहानलेल्या मुलाला त्यातला फरक कळत नाही.

ओटा, भांडी, नाली

तेलकट भांडे थेट नळाखाली धरू नये. आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा भाकरीच्या तुकड्याने तेल टिपून घ्यावे. साबण निम्मा लागतो आणि नाली तुंबत नाही. निहारी, पाया किंवा बिर्याणीची चरबी गरम असताना पाण्यासारखी वाहते, पण पाइपात थंड झाली की मेणासारखी घट्ट बसते. अशी नाली मोकळी करायला धुण्याच्या सोड्याचे दोन-तीन चमचे टाकून त्यावर कडकडीत नाही, पण चांगले गरम पाणी सोडावे. उकळते पाणी प्लॅस्टिकच्या पाइपांना सोसत नाही.

जळालेल्या पातेल्यात पाणी आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटे उकळावे आणि झाकून ठेवावे. कप-बशांवरचे चहाचे डाग ओल्या सोड्याने बोटाने चोळले तरी निघतात.

मुंग्यांची रांग दिसली तर पावडर टाकण्याआधी ती जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. मुंग्या वासाच्या माग्यावर चालतात. माग पुसला की रांग मोडते.

कपडे आणि डाग

हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे सगळ्यांनी पाहिले असेल. हळद आम्लारीत लाल होते, डाग वाढलेला नसतो. घाबरून ब्लीच ओतू नये. साबणाने धुवावे आणि ओले कापड उन्हात पसरावे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एक-दोन दिवसांत डाग फिका पडतो.

रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्याने. गरम पाण्याने रक्तातले प्रथिन गोठते आणि डाग पक्का बसतो. थंड पाण्यात थोडे मीठ घालून भिजवावे, मग साबण.

तेलाच्या डागावर आधी कोरडे पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून तेल शोषू द्यावे, झटकावे, मग साबण.

पावडर जास्त टाकली की कपडे जास्त साफ होतात असे नाही. उरलेला साबण कापडात राहतो, कापड कडक होते आणि तो काढायला दोन बादल्या पाणी जास्त जाते.

जानमाज, गालिचे आणि किताबे

जानमाज आणि सतरंजी आठवड्यातून एकदा झटकून उन्हात टाकावी. गालिच्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा, तासाभराने झाडून घ्यावा. दमट वास जातो. रंगीत लोकरी गालिचा फार वेळ कडक उन्हात ठेवू नये.

कुरआन शरीफचे जुजदान धुतल्यावर पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळू नये. ओलसर कापडामुळे पानांना बुरशी लागते. कोकणातल्या घरांनी पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत कपाटे उघडून सगळ्या किताबांना हवा द्यावी. फळीवर सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा.

कपड्यांत डांबर गोळ्या टाकायची सवय असेल तर बाळाचे कपडे त्यापासून दूर ठेवावेत. या गोळ्यांतले नॅफ्थालीन काही बाळांना धोक्याचे असते. जी-6-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून जपून ठेवलेली दुलई किंवा टोपडी नवजात बाळासाठी काढली तर आधी धुऊन, उन्हात सुकवूनच वापरावी.

लोबान आणि ऊद यांचा सुगंध आपल्या घरांत आवडीचा आहे. पण धूर तो धूरच. तो जंतू मारतो असे समजू नये. खिडकी उघडी ठेवावी आणि दम्याचा पेशंट घरात असेल तर टाळावा.

न्हाणीघर, टाकी आणि कूलर

नळावरच्या खाराला लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून अर्धा तास ठेवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे. संडासच्या भांड्यात रात्री दोन-तीन चमचे लिंबूफूल टाकून सकाळी ब्रशने घासावे. रोज ब्रश फिरवला तर तीव्र वस्तूची गरज पडत नाही. सेप्टिक टाकी असलेल्या घरांनी ॲसिड आणि ब्लीच वरचेवर ओतू नये. टाकीतला मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात, आणि मग टाकी लवकर भरते.

मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि अंडी पाण्याच्या काठावर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. नुसते पाणी ओतून दिल्याने अंडी जात नाहीत. आठवड्यातून एक दिवस कूलर, हौद, वुजूची पिंपे रिकामी करून आतून घासावीत आणि कोरडी होऊ द्यावीत.

फळांच्या सालींचे द्रावण

एक भाग गूळ, तीन भाग मोसंबी-संत्री-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी. प्लॅस्टिकच्या बरणीत थोडी जागा मोकळी ठेवून भरावे. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा, नाहीतर बरणी फुटू शकते. काचेची बरणी वापरू नये. तीन महिन्यांनी गाळून घ्यावे. रमजानमध्ये सरबत आणि फ्रूट चाटमुळे साली भरपूर निघतात, त्या कामी येतात. सिरॅमिक टाइल, सिंक, संडास यांना पाण्यात मिसळून हे चांगले चालते. आंबट असल्याने शहाबादीला नको.

बरेच जण विचारतात, आंबवले म्हणजे यात अल्कोहोल आले का? आंबताना थोडे तयार होते आणि पुढे त्याचे सिरक्यासारख्या आम्लात रूपांतर होत जाते. मनात शंका राहत असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, किंवा सरळ लिंबूफूल वापरावे. काम तेच होते.

घरगुती उपाय कुठे पुरत नाही

घरात जुलाब-उलटीचा आजार असेल, तर सिरका, लिंबू किंवा सालींच्या द्रावणावर भरवसा ठेवू नये. तिथे ब्लीच लागते. आधी घाण टिपून साबणाने धुवावे. मग बाजारात मिळणारे साधे द्रव ब्लीच एक लिटर पाण्यात सुमारे 20 मिलिलिटर (चार छोटे चमचे) मिसळून ती जागा पुसावी, दहा मिनिटे ओली राहू द्यावी आणि पाण्याने धुवावी. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. हे पाणी रोज ताजे करावे. कमी रसायने वापरायची याचा अर्थ गरज असताना टाळायची असा नाही.

दावत आणि बकरी ईद

कुर्बानीच्या जागेवर आधी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा पसरावा. रक्त शोषले जाते आणि ते झाडून गोळा करता येते. मग थंड पाण्याने धुवावे, शेवटी चरबीसाठी गरम पाणी आणि सोडा. रक्त आणि आतडी गटारात सोडू नयेत. ती पालिकेच्या गाडीतच द्यावीत, गावात खोल खड्ड्यात पुरावीत. शेजाऱ्याच्या दारापुढे घाण वाहून जाऊ नये, हे पाहणे आपली जबाबदारी आहे.

इफ्तारला आणि दावतीला एकदा वापरून फेकायचा प्लॅस्टिकचा दस्तरखान अंथरण्याऐवजी जाड सुती किंवा रेक्झिनचा ठेवावा. थर्माकोलच्या पत्रावळी तर महाराष्ट्रात 2018 पासून बंदच आहेत. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून स्टीलच्या ताटांचा एक संच घेतला तर लग्नकार्यालाही तोच फिरतो.

पाण्याचा हिशोब

नबी करीम (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, असे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने साधारण पाऊण ते एक लिटर. घरात एकदा नळाखाली बादली ठेवून वुजू करून बघा आणि ते पाणी मोजा. मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात. मग लोटा वापरून पुन्हा मोजा. इस्राफ म्हणजे काय हे त्यांना वेगळे समजवावे लागणार नाही. वुजूचे पाणी, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घालावे. आरओ मशीनमधून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावे. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना रोज घालू नये.

कामाचा क्रम

रोज : ओटा, सिंक, संडासचा ब्रश, फरशी साध्या पाण्याने. साबण आठवड्यातून दोनदा पुरे.
आठवड्याला : जानमाज आणि चादरी उन्हात, कूलर-पिंपे घासून कोरडी, फ्रीज सोड्याच्या पाण्याने.
महिन्याला : नळांचा खार, नालीत सोडा, पंखे आणि जाळ्या.
वर्षातून दोनदा, रमजानआधी आणि पावसाळ्यानंतर : कपाटे, गाद्या, पाण्याची टाकी, कल्हईची पाहणी.

घरात आत्ता असलेल्या बाटल्या एकदम गटारात ओतून देऊ नका. त्या एक-एक करून जपून संपवा आणि नवीन आणू नका. सुरुवात दोन गोष्टींनी करा. या आठवड्यात सुटे ॲसिड मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवा, आणि ते संपल्यावर त्या जागी लिंबूफुलाचा डबा ठेवा. हे काम एकट्या बाईचेही नाही. टाकी घासणे, पिंपे उलटी करणे, गालिचे झटकणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत.